पुढचा आठवडा कसा आहे?

ट्रायथलॉनसाठी, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ एक करायच्या स्पर्धेसाठी, मी कोच लावला आणि त्याच्याशी पहिलं खोटं पहिल्याच दिवशी बोलले. त्याने पाठवलेल्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता : आठवड्यातून सरावाला किती तास देऊ शकाल? मी लिहिलं, १०. लिहिताना जराही अडखळले नाही. आठवड्याचे तास १६८. त्यातून ऑफिस, झोप, घर, मुलाचा अभ्यास, आईची औषधं असं सगळं वजा केलं तरी वीसेक तास उरत होते. त्यातले निम्मे मी स्वतःसाठी मागितले तर कुणाची काय हरकत असणार? कागदावर हिशोब अगदी चोख होता.

त्याने विश्वास ठेवला आणि दहा तासांचा आठवडा आखून पाठवला. तीनदा पोहणं, तीनदा सायकल, तीनदा पळणं, शिवाय एक दिवस ताकदीचे व्यायाम. ठरल्याप्रमाणे केलेलं सत्र अ‍ॅपमध्ये हिरवं व्हायचं, अर्धवट झालेलं पिवळं, चुकलेलं लाल. पहिल्या महिन्याच्या शेवटी माझं कॅलेंडर पाहिलं तेव्हा शाळेतली गणिताची वही आठवली. तीही इतकी लाल कधी झाली नव्हती.

हा कोच माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्यामुळे ‘सर’ म्हणवेना, नावाने हाक मारणंही बरं वाटेना. शेवटी मी त्याला ‘कोच’च म्हणू लागले आणि तो मला ‘मॅडम’. महिनाअखेरीला त्याचा फोन आला. मी कारणांची यादी तयार ठेवली होती, पण त्याने कारणं विचारलीच नाहीत. त्याने विचारलं, “मॅडम, पोहायला घरातून किती वाजता निघता आणि घरात परत किती वाजता येता?”

पावणेसहाला निघते, पावणेआठला येते.

“म्हणजे पाऊण तासाचं पोहणं तुम्हाला दोन तासांना पडतं. दहा तासांत ते दोन तास धरले होते की पाऊण?”

पाऊणच धरला होता. गाडी लावणं, आंघोळ, ओले केस, सापडत नसलेला गॉगल, टोपीत अडकलेली रबरं यातलं काहीच माझ्या वजाबाकीत नव्हतं. सायकलचंही तसंच. टायरमध्ये हवा भरा, बाटल्या भरा, दिव्याचं चार्जिंग बघा, चेन कुरकुरत असेल तर तेल घाला आणि मग निघा. तिन्हींत पळणं सगळ्यात स्वस्त. बूट घातले की दाराबाहेर सराव सुरू. पैशांत मोजलं तर सायकल महाग, वेळेत मोजलं तर पोहणं. हा तक्ता आधी कुणी दाखवला असता तर फॉर्म मी वेगळा भरला असता. नसताही कदाचित. त्या आकड्याचा वेळेशी फारसा संबंध नव्हताच. दहा तास देऊ शकणारी बाई कोण असते, कशी दिसते, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं आणि मला ती व्हायचं होतं.

फोन संपेपर्यंत दाराबाहेर पडल्यापासून दारात परत येईपर्यंतचे, असे साडेसहा तास ठरले. त्यात एकदाच पोहणं. मला वाटलं, आपल्याला वरच्या वर्गातून खाली उतरवलं.

खरं तर कोच मी लावला तो कुणीतरी छडी घेऊन मागे लागावं म्हणून. एकेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकलेली, सायकल शाळेनंतर थेट आता हातात घेतलेली आणि पळताना गुडघा धरणारी मी. आपल्यात शिस्तीचीच काय ती कमतरता आहे आणि शिस्त विकत मिळते, असं मी धरून चालले होते. उद्दिष्ट होतं ऑलिम्पिक अंतर : दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर पळणं. २००० साली सिडनीत ट्रायथलॉन पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं ते याच अंतरात. लोक ट्रायथलॉन म्हटलं की हवाईची आयर्नमॅन स्पर्धा डोळ्यासमोर आणतात. ३.८ किलोमीटर पोहून १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. १९७८ साली तिथे १५ जण सुरुवातीला उभे राहिले आणि १२ जणांनी ती पुरी केली. गॉर्डन हॉलर पावणेबारा तासांहून थोडा जास्त वेळ घेऊन पहिला आला. दुसऱ्या आलेल्या माणसाच्या मदतनिसांकडचं पाणी वाटेत संपलं म्हणून त्यांनी त्याला बिअर दिली, असं सांगतात.

मला मात्र त्याच्या चार वर्षं आधीची गोष्ट जास्त जवळची वाटते. २५ सप्टेंबर १९७४, सॅन डिएगोतलं मिशन बे. जॅक जॉनस्टन आणि डॉन शानाहन या दोघांनी भरवलेल्या स्पर्धेत ४६ जण उतरले आणि ‘ट्रायथलॉन’ या नावाने ओळखली जाणारी ती पहिली स्पर्धा ठरली. तो बुधवार होता. बुधवारची संध्याकाळ! शेवटचे लोक येईपर्यंत अंधार पडला आणि मोटारींचे दिवे लावून त्यांना वाट दाखवावी लागली. म्हणजे ज्या खेळासाठी मी नोकरी सोडून डोंगरात जाऊन राहायची स्वप्नं बघत होते, तो जन्मला आठवड्याच्या मधल्या वारी, कामाचा दिवस संपल्यावर. हे कळल्यापासून बुधवारचा माझा सराव सहसा चुकत नाही.

साडेसहा तासांचा आठवडा सुरू झाला आणि कोचने माझ्यावर पहिला खरा अत्याचार केला. मला हळू पळायला लावलं. किती हळू, तर पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. माझं घड्याळ २२० वजा वय या सूत्राने १७९ ही कमाल नाडी धरून नाडीचे सोपे-कठीण पट्टे रंगवत बसलं होतं. कोच म्हणाला, ते सूत्र सरासरीचं आहे, तुमचं नाही, माणसामाणसात दहाबारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. काही दिवस घड्याळ बाजूला ठेवा आणि बोलून बघा. एकटीने पळताना बोलणार काय? मी पाढे म्हणू लागले. एकोणतीसचा पाढा न धापता म्हणता आला की वेग बरोबर. मागून येणारी माणसं बाजूने झपाझपा चालत पुढे जायची, चालत, आणि मी ‘एकोणतीस साते दोनशे तीन’ करत त्यांच्या पाठी बघायची. लाज वाटायची. मग मी लबाडी करायची. शेवटचे दोन किलोमीटर दामटून पळायचं आणि नोंदीत लिहायचं, ‘छान वाटलं’.

त्याला आलेखात सगळं दिसत होतं. त्याने मला क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांच्या संशोधनाबद्दल सांगितलं. दमसासाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी सायलर यांनी तपासल्या, तेव्हा त्यांची साधारण ८० टक्के सत्रं हलकी आढळली. मी लगेच वकिली केली : ते आठवड्याला वीस-वीस तास करतात, त्यांना हलकं परवडतं, साडेसहा तासवाल्या बाईने तरी जोर नको का लावायला? “लावा ना,” तो म्हणाला. “मंगळवारी मी सांगतो तिथे लावा. पण आता तुम्ही रोज थोडा थोडा लावताय, म्हणून मंगळवारी तुमच्याकडे लावायला काहीच उरत नाही.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे सहा आठवडे पाढे म्हटले. सातव्या आठवड्यात त्याच नाडीला मी किलोमीटरमागे जवळपास पाऊण मिनिट आधी पोहोचत होते. गुडघाही गप्प होता.

पोहण्याचं वेगळंच. तिथे जोर लावून काही मिळतच नाही, उलट जातं. कोचने माझा पोहताना काढलेला व्हिडिओ मला दाखवला आणि काही न बोलता थांबला. मला वाटत होतं मी सरळ, लांबसडक पोहते. पडद्यावर मी जिना चढत होते. डोकं वर, समोर कुणी येतंय का बघितल्यासारखं. कमरेखालचा सगळा भाग बुडालेला. श्वासाला वळले की पाय कात्रीसारखे फाकत होते. मी रोज पाय जोरात मारून ते वर आणायचा प्रयत्न करत होते आणि चार फेऱ्यांत गळून जात होते. त्याने पायांबद्दल एक शब्द काढला नाही. “नजर तळाकडे ठेवा, डोकं पाण्यात जाऊ द्या.” एवढंच. डोकं खाली गेलं आणि कंबर आपोआप वर आली, तराजूचं एक पारडं खाली गेल्यावर दुसरं येतं तशी. मग लांब पोहणं बंद करून २५-२५ मीटरच्या तुकड्यांत महिनाभर तेवढी एकच गोष्ट. मला फार कंटाळा आला. या कंटाळ्याबद्दल कुणी लिहीत नाही. पहाटेच्या पाण्याची वर्णनं भरपूर सापडतात.

कोच चुकतोही, हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर तो उगाच साधूसारखा वाटेल. त्याची स्वतःची नोकरी आहे, घरी तान्हं बाळ आहे, आणि माझ्यासारखे पंचवीस-तीस जण त्याच्या गळ्यात आहेत. एका रविवारी माझ्या कॅलेंडरमध्ये साडेचार तासांची सायकल होती, त्यावर लगेच अर्धा तास पळणं. माझी तोवरची सगळ्यात मोठी सायकल पावणेदोन तासांची. मी पहाटे निघाले. अडीच तासांनी मांड्यांत गोळे येऊन रस्त्याच्या कडेला बसले आणि त्याला फोन लावला. पलीकडे आधी शांतता, मग “अरे बाप रे”. दुसऱ्याच कुणाचा, अर्ध्या आयर्नमॅनची तयारी करणाऱ्याचा प्लॅन माझ्याकडे आला होता. त्या बिचाऱ्याला माझे पाढे मिळाले असणार! कोचने मनापासून माफी मागितली आणि मग विचारलं, “पण मॅडम, निघण्याआधी विचारलं का नाहीत?”

कोचने दिलंय म्हणून, मी म्हटलं.

तो खूप वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, “मला तुमच्याकडून आज्ञापालन नकोय. माहिती हवी आहे. ती मिळाली नाही तर मी आंधळाच आहे.” सत्राखाली जी शेऱ्याची छोटी चौकट असते, ती मी तोपर्यंत शिष्टाचार म्हणून भरत होते. ‘झालं.’ ‘ठीक.’ ‘मजा आली.’ त्या दिवसापासून त्याने मला किमान दोन ओळींची सक्ती केली. झोप किती, मन कसं, कुठे दुखतंय.

ऑफिसात प्रकल्पाची मुदत जवळ आली तेव्हा त्या दोन ओळींचा उपयोग पहिल्यांदा झाला. चार रात्री पाच-पाच तास झोप. गुरुवारी मी हट्टाने ठरलेले वेगाचे तुकडे पळायला गेले. जो वेग एरवी दहापैकी सहा कष्टांचा वाटायचा, तो नऊचा वाटत होता. मी तसं लिहिलं आणि खाली ‘पण पूर्ण केलं!’ असं उद्गारचिन्हासकट लिहिलं. अर्ध्या तासात शुक्रवार, शनिवार, रविवार कॅलेंडरमधून गायब. मी चिडून फोन केला. मेहनतीने कमावलेलं कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटत होतं. तेव्हा त्याने ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांचं नाव घेतलं. १९३६ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात त्यांचं एक छोटंसं पत्र छापून आलं होतं. उंदरांना थंडीत ठेवलं, जखम केली, विषारी औषध दिलं किंवा अति व्यायाम करायला लावला, तरी शरीराची घसरण ठरावीक एकाच तऱ्हेने होते, असं त्यात होतं. उंदराच्या शरीराने थंडी वेगळी आणि व्यायाम वेगळा असा खातेउतारा ठेवला नव्हता. “तुमच्या अ‍ॅपमध्ये,” कोच म्हणाला, “एक तास पूर्ण क्षमतेने सायकल मारली की १०० गुण पडतात. बॉसबरोबरच्या चार तासांच्या मीटिंगचे किती पडतात? शून्य. शरीर मात्र मोजतं.” मी तीन दिवस झोपले. सोमवारी तोच वेग पुन्हा सहाचा झाला होता. मला ते आवडलं नाही, पण मान्य करावं लागलं.

मग फेब्रुवारीत आई रात्री बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. नवरा आणि मी पाळ्या लावल्या. त्या पंधरा दिवसांत मी एकही सराव चुकवला नाही. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. आईला तीन वाजता औषध देऊन मी परत झोपायचे नाही, सायकल ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर चढायचे, अंधारात, घरातल्यांना जाग येऊ नये म्हणून सगळ्यात हलक्या गिअरवर. कॅलेंडर हिरवंगार होतं. चौकटीत मी पुन्हा ‘ठीक’वर आले होते. आईचं मी कळवलंच नव्हतं, कारण कळवलं तर तो काढून घेईल. दिवसभरात तेवढी एकच गोष्ट होती जी ठरवल्याप्रमाणे पार पडत होती.

एका सकाळी त्याने ‘ठीक’खाली लिहिलं : ‘ठीक म्हणजे काय?’

मी उत्तर द्यायला बसले आणि थांबेचना. आईचं हलकं झालेलं मनगट, मी कूस बदलायला मदत करताना तिला वाटणारा संकोच, भावाचे फक्त फोनवरून येणारे सल्ले, मुलावर विनाकारण ओरडणं, आणि ती पूर्वीसारखी चालली नाही तर माझी नोकरी, माझा खेळ, माझं सगळं कसं होणार ही भीती. आईच्या दुखण्यात मला स्वतःच्या खेळाची काळजी वाटते, हे मी आधी कुणाजवळ बोलले नव्हते. पोहण्याच्या नोंदीखाली, ‘अंतर : १२०० मीटर’ या ओळीच्या पुढे, हे सगळं.

त्याचं उत्तर दोन वाक्यांचं होतं. ‘ताई, तीन आठवडे प्लॅन नाही. जमेल तेव्हा २० मिनिटं चाला, घड्याळ घरी ठेवून.’ ‘मॅडम’ची ‘ताई’ मी त्या दिवशी झाले.

हा मजकूर नवऱ्याने वाचला. चोरून नाही, मुलाचा गृहपाठ शोधायला त्याने माझा लॅपटॉप उघडला आणि ते पान समोर होतं. रात्री त्याने शांतपणे विचारलं, “हे सगळं तू त्याला सांगितलंस. मला का नाही?”

मी म्हटलं, त्याने विचारलं म्हणून. म्हटल्यावर कळलं की हे किती दुष्ट उत्तर आहे. नवरा विचारत नव्हता असं नव्हतं. ‘कशी आहेस?’ तो रोज विचारायचा आणि मी ‘ठीक’ म्हणायचे, तीच चौकट भरल्यासारखी. फरक एवढाच की कोचकडे माझे आकडे होते. ठीक आणि ठोके जुळले नाहीत की त्याला दिसायचं. घरच्या माणसांकडे असा आलेख नसतो, त्यांना तुमच्या शब्दावरच राहावं लागतं. शिवाय कोचला सांगून काही मोडत नव्हतं. तो फार तर एक सत्र काढून टाकणार. नवऱ्याला सांगितलं की घराची आखणीच बदलणार होती, आणि बदलली. आईच्या पहाटेच्या औषधाची पाळी त्याने कायमची घेतली. भावाला मी पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं की सल्ले नकोत, महिन्यातले दोन शनिवार-रविवार हवेत. तो आला. कुरकुरत, पण आला.

तीन आठवडे मी चालले. कोचने पुढे कशी सुरुवात केली, किती वाढवलं, याचे तपशील कंटाळवाणे आहेत. तीन आठवडे चढ, एक आठवडा उतार, पुन्हा चढ. सायकलवरून उतरल्या उतरल्या पळायची, ज्याला ब्रिक म्हणतात ती, सत्रं सुरू झाली. त्यातली पहिली दहा मिनिटं पाय दुसऱ्या कुणाचे तरी लावून दिल्यासारखे वाटतात.

स्पर्धा झाली. पाण्यात पहिल्या शंभर मीटरमध्ये कुणाची तरी लाथ गॉगलवर बसली, श्वास गेला, आणि मी पाठीवर उलटी होऊन आकाशाकडे बघत तरंगत राहिले. ‘पहिले २०० मीटर लाज वाटेल इतकं हळू’ असं कोचने लिहून दिलं होतं. ते मी जरा जास्तच मनावर घेतलं. बाहेर आले तेव्हा घड्याळात ४४ मिनिटं. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम मी इतक्या वेळा घोकला होता की हेल्मेट पोहण्याच्या टोपीवरच चढवलं आणि चाळीसच्या चाळीस किलोमीटर रबरी टोपी घालून सायकल मारली. एक तास ३८ मिनिटं. डोक्यात घामाचं तळं झालं होतं. पळताना सहाव्या किलोमीटरला एक उंच मुलगा माझ्या शेजारी आला आणि घाबरून विचारू लागला, “काकू, तुम्ही ठीक आहात ना?” मी मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणत होते. एकूण ३ तास ४१ मिनिटं.

आई व्हीलचेअरमध्ये होती. तिने माझ्या कपाळावरचा टोपीचा वळ बोटाने चाचपला आणि विचारलं, “हे काय झालं?” मुलाला निकालाच्या कागदात फक्त एका गोष्टीत रस होता : आपल्या आईच्या मागे किती जण आहेत. एकोणीस. त्याने ते शाळेत सगळ्यांना सांगितलं. पुढे किती होते, हे कुणी विचारलं नसावं.

मी पुढचं वर्षभर अजून अर्ध्या आयर्नमॅनकडे वळायचं नाही असं ठरवलं आहे. कोचनेही ‘चला’ म्हटलेलं नाही. आमचा फोन आता क्वचित होतो. रविवारी संध्याकाळी मात्र त्याचा एक ओळीचा मेसेज न चुकता येतो : ‘पुढचा आठवडा कसा आहे?’

काल आला तेव्हा मी जेवणाच्या टेबलाशी बसले होते. मुलाची परीक्षा बुधवारपासून, नवऱ्याचा दौरा गुरुवार-शुक्रवार, आईची फिजिओथेरपी मंगळवारी सकाळी. सगळं लिहिलं आणि शेवटी तासांच्या रकान्यात टाकलं, साडेसहा. मागे नवरा उभा होता. काही बोलला नाही. मी ते खोडून साडेपाच केलं. तो अजून उभाच होता. साडेचार केलं. तेव्हा तो पुढे वाकला आणि म्हणाला, “गुरुवारी आईपाशी कोण थांबणार?”

चार, असं लिहून मी पाठवून दिलं.